साडेनऊ पीएचचं पाणी आणि कॅन्सरची पेशी : अल्कलाइन यंत्राचं परीक्षण

अल्कलाइन पाण्याचं यंत्र नागपुरात दुकानापेक्षा बैठकीत जास्त खपतं. ओळखीतल्या कुणाच्या तरी घरी संध्याकाळी खुर्च्या मांडतात, चहाऐवजी यंत्राचं पाणी फिरवतात आणि टीव्हीवर एकेक चित्र सरकतं. आधी पित्त, मग सांधे, मग साखर. घरात कॅन्सरचा पेशंट आहे असा सुगावा लागला की शेवटचं चित्र येतं : 'कॅन्सर आम्लात वाढतो, अल्कलीत मरतो. वॉरबर्गला याच शोधासाठी नोबेल मिळालं.'

परीक्षण मुख्यतः या शेवटच्या चित्राचं आहे. पित्त कमी झाल्यासारखं वाटतं म्हणून कुणी लाखाच्या घरात पैसे मोजत नाही, मोजतो तो या वाक्यासाठी. निकाल आधीच सांगून टाकतो. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप : ७ मधोमध, खाली आम्ल, वर अल्कली) बदलणारं उपकरण म्हणून यंत्र काम करतं, पण नागपूरच्या पाण्यावर त्याची निगा राखणं जिकिरीचं आहे. कॅन्सरवरचा उपाय म्हणून त्याची किंमत शून्य. आणि हे शून्य का, ते कळायला पाण्याचा हिशोब आणि पेशीचा हिशोब दोन्ही मांडावे लागतात.

बाजारात तीन प्रकारचा माल आहे. पहिला, ओट्यावर ठेवायचं विजेवरचं यंत्र, काही लाखांपर्यंत जाणारं. दुसरा, नेहमीच्या आरओला जोडलेली 'अल्कलाइन' कॅन्डल, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या खड्यांची नळी. तिसरा, थेंबांची बाटली, ज्यात बहुतेक वेळा पोटॅशियम किंवा सोडियमचे हायड्रॉक्साइड-कार्बोनेट असतात. तिन्हींच्या जाहिरातीतला पीएच सारखाच, साडेआठ ते साडेनऊ. आतलं रसायन मात्र वेगळं.

विजेच्या यंत्रात टायटॅनियमच्या पत्र्यांवर प्लॅटिनमचा पातळ मुलामा असतो आणि मध्ये पडदा. ऋण पत्र्यापाशी पाण्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतं, ते पाणी प्यायच्या तोटीला येतं. धन पत्र्यापाशी ऑक्सिजन सुटतो आणि आम्ल उरतं, ते दुसऱ्या नळीनं मोरीत जातं. पाण्यात क्लोराइड असेल तर धन बाजूला थोडा क्लोरीनही तयार होतो, वाया जाणाऱ्या पाण्याला येणारा वास त्याचाच. विजेनं आम्ल आणि अल्कली वेगळे केले, नवीन काहीच जन्माला घातलं नाही. घ्यायच्या आधी दोन्ही नळ्यांखाली बादल्या लावा आणि किती वाया जातं ते मोजा. एप्रिल-मेमध्ये ज्या वस्तीत टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा आकडा पीएचपेक्षा महत्त्वाचा आहे.

हे यंत्र क्षारांवर चालतं. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, त्यामुळे वीज नीट वाहत नाही आणि पीएच चढत नाही. मग विक्रेता क्षारांचं वेगळं काडतूस विकतो. म्हणजे आधी पैसे देऊन क्षार काढायचे, मग पैसे देऊन घालायचे.

उलट बोअरच्या जड पाण्यावर दुसरं संकट. ऋण पत्र्यापाशी पीएच चढला की कॅल्शियम कार्बोनेट तिथेच बसतं, गिझरच्या कॉइलवर बसतं तोच पांढरा थर. थर बसला की वीज अडते, पडद्याची छिद्रं बुजतात, आकडा साडेनऊवरून साडेआठवर येतो आणि धार बारीक होते. चांगल्या यंत्रात पत्र्यांची धन-ऋण बाजू अधूनमधून आपोआप उलटते, तरी पूर्व नागपुरातल्या बोअरवर तेवढ्यानं भागत नाही. लिटरभर कोमट पाण्यात २० ते ३० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराण्यातलं लिंबूसत्व, विरघळवून अर्धा ते एक तास यंत्रात फिरवायचं आणि मग साध्या पाण्याचे तीन-चार फेरे. ब्लीच किंवा घरातलं टॉयलेट क्लीनर घालू नका, मुलामा उतरला की पत्रा गेला. पत्रा वॉरंटीत येतो का आणि 'जड पाण्यामुळे झालेलं नुकसान' त्यातून वगळलंय का, हे बारीक अक्षरात शोधा.

आता पाण्याचा हिशोब. विक्रेता सांगतो की ९.५ पीएचचं पाणी ७ पीएचच्या पाण्यापेक्षा ३०० पट अल्कलाइन. हे खरंय, नेमका आकडा ३१६ येतो. पण ३१६ पट कशाच्या? क्षार जवळजवळ नसलेल्या आरओच्या पाण्याचा पीएच ९.५ केला तर त्यात लिटरमागे हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली, असतं ०.०३ मिलीमोल (रेणू-आयनांची संख्या मोजायचं एकक). जठररसाचा पीएच दीड धरला तर त्यात लिटरमागे आम्ल असतं सुमारे ३२ मिलीमोल. भागाकार करा : एक लिटर 'अल्कलाइन' पाणी मारायला जठररसाचा एक मिलिलिटर पुरतो. पोट दिवसाला दीड-दोन लिटर जठररस तयार करतं.

यंत्रावर अन्याय नको, म्हणून त्याला सर्वात अनुकूल पाणी देऊ. पेंच-कन्हानचं, म्हणजे नागपूर शहराचं, नळाचं पाणी घ्या आणि त्याची अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेटच्या मापानं लिटरमागे १५० मिलिग्रॅम धरा, म्हणजे ३ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजेच तितकं आम्ल मारायची ताकद. असं पाणी ७.५ वरून ९.५ वर न्यायला यंत्राला पदरची सुमारे ०.७ मिलीइक्विव्हॅलंट अल्कली घालावी लागते. उरलेले ३ नळातच होते. ही ०.७ मारायला जठररसाचे २२ मिलिलिटर लागतात, दोन मोठे चमचेसुद्धा नाहीत.

खरी गंमत बोअरची. विदर्भातल्या बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी ३०० मिलिग्रॅम असणं काही नवलाचं नाही. पीएच साडेसात दिसला तरी त्या एका लिटरमध्ये आम्ल मारायची ताकद ६ मिलीइक्विव्हॅलंट आहे, म्हणजे आरओ करून ९.५ वर नेलेल्या पाण्याच्या जवळजवळ २०० पट. पीएच म्हणजे या क्षणीची तीव्रता, अल्कलिनिटी म्हणजे साठा. सगळी विक्री तीव्रता दाखवून साठा विसरायला लावण्यावर चालते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पीएच ६.५ ते ८.५ आणि अल्कलिनिटी २०० मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे साडेनऊचं पाणी या मानकाच्या बाहेर बसतं, आणि हे मात्र बैठकीत कुणी सांगत नाही.

आणि संत्र्याचं काय? संत्र्यातलं सायट्रेट शरीरात जळतं आणि त्याच्या जागी बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, उरतं. आंबट लागणारं फळ हिशोबात अल्कली ठरतं ते असं. आहारशास्त्रातल्या प्रचलित तक्त्यानं १०० ग्रॅम संत्र्यामागे सुमारे २.७ मिलीइक्विव्हॅलंट अल्कली धरतात. सोललेली २५० ग्रॅम संत्री म्हणजे साडेसहाच्या वर. यंत्राच्या पदरच्या नऊ-दहा लिटरची कमाई दोन-तीन नागपुरी संत्र्यांत होते. संत्र्यानं कॅन्सर बरा होत नाही, तेव्हा त्याच्या दहाव्या हिश्शानं काय होणार, एवढाच मुद्दा.

रक्ताकडे पाहिलं तर आकडे आणखी थिटे पडतात. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. पेशींबाहेरच्या सुमारे १५ लिटर द्रवात लिटरमागे २४ मिलीमोल बायकार्बोनेट, एकूण ३६० मिलीमोल. शिवाय फुप्फुसं मिनिटामिनिटाला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून पीएच जागेवर ठेवतात, आणि जेवणातून येणारं रोजचं ५०-७० मिलीइक्विव्हॅलंट आम्ल मूत्रपिंडं उपसतात. जास्तीची अल्कली आली तर तीही लघवीत जाते. म्हणूनच लघवीची पट्टी रंग बदलते. लघवीचा पीएच साडेचार ते आठ असा कुठेही फिरतो, कारण रक्ताचा फिरू द्यायचा नसतो. ती पट्टी 'शरीर अल्कलाइन झालं' म्हणून दाखवणं म्हणजे मोरीतलं पाणी पाहून टाकी भरली म्हणण्यासारखं आहे.

बैठकीतले प्रयोगही एकदा उलटे करून बघा. दोन काड्यांचं विजेचं उपकरण नळाच्या पाण्यात घातलं की हिरवट-तपकिरी गाळ येतो, आरओच्या पाण्यात येत नाही. तो गाळ पाण्यातला नाही, लोखंडी काडी विरघळून आलेला आहे. आरओच्या पाण्यातून वीजच जात नाही म्हणून तिथे येत नाही. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा लावा, तोच गाळ येईल. जखमेच्या आयोडीन औषधाचा रंग उडतो तो 'अँटिऑक्सिडंट'चा प्रयोगही तसाच, धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानंही तो रंग जातो. हळद लाल होते म्हणून दाखवतात, पण हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्या घरांना त्यात नवीन काय? 'अँटिऑक्सिडंट' दाखवायच्या मीटरवर दिसणारा उणे आकडा विरघळलेल्या हायड्रोजनचा असतो. १ लिटरमध्ये तो फार तर दीड मिलिग्रॅम मावतो आणि उघड्या भांड्यातून काही तासांत उडून जातो.

पडताळणी स्वतः करायची तर एकच प्रयोग पुरे. विक्रेत्याचंच पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रावण मागून घ्या. एका ग्लासात थेंब घालून किंवा आरओवर अल्कलाइन केलेलं १०० मिलिलिटर पाणी, दुसऱ्यात बोअरचं तितकंच. दोन्हींत रंगाचे सारखे थेंब. आता ड्रॉपरनं लिंबाचा गाळलेला रस थेंब थेंब सोडा आणि पिवळा रंग टिकेपर्यंत मोजा. पहिला ग्लास बहुधा पहिल्या-दुसऱ्या थेंबालाच पिवळा होईल, बोअरच्या ग्लासाला दहाच्या वर थेंब लागतील. अचूक मोजायचं असेल तर शाळा-कॉलेजला प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल आणि मिथाइल ऑरेंज आणा. १०० मिलिलिटर नमुना, निर्देशकाचे दोन-तीन थेंब, पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत आम्ल. लागलेले मिलिलिटर गुणिले १० म्हणजे अल्कलिनिटी.

पेनासारख्या स्वस्त पीएच मीटरवर विसंबायचं असेल तर आधी ७ आणि ९.२ च्या बफर (ठरलेला पीएच देणाऱ्या) गोळ्या १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून मीटर लावून घ्या. टोकाचा काचेचा फुगा कोरडा पडू देऊ नका, उन्हाळ्यात तो दोन दिवसांत वाळतो आणि मग काहीही दाखवतो. क्षार कमी असलेल्या पाण्यात आकडा दोन-तीन मिनिटं सरकत राहतो, पहिलाच लिहून घेऊ नका. आणि बाटली भरून ठेवलेल्या पाण्याचा पीएच दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून तो उतरलेला दिसेल, उघड्या माठात तर लवकरच.

आता पेशी. बैठकीतलं वाक्य पूर्ण थाप असतं तर एवढं चाललं नसतं. त्यात एक खरा धागा आहे, पण उलटा विणलेला.

जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की ट्यूमरची पेशी भरपूर ऑक्सिजन असूनही ग्लुकोज पुरतं न जाळता त्याचं लॅक्टेट (अर्धवट जळलेला अवशेष) करत बसते. त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमचं स्वरूप आणि काम शोधल्याबद्दल, अल्कलीत कॅन्सर मरतो याबद्दल नव्हे. ग्लुकोजच्या एका रेणूतून या वाटेनं २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन), २ लॅक्टेट आणि २ हायड्रोजन आयन, म्हणजे आम्ल, मिळतात. ऑक्सिजनसह पुरतं जाळलं तर साधारण ३० एटीपी. इतक्या कमी मिळकतीवर धंदा चालवायचा म्हणजे माल प्रचंड फिरवावा लागतो, म्हणून ही पेशी साखर ओढते. पेट-सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरीन लावलेलं ग्लुकोज ट्यूमरमध्ये चमकतं ते याच ओढीमुळे.

साखर जितकी जास्त, तितकं आम्ल जास्त. ते आम्ल आतच राहिलं तर पेशी स्वतःच्याच धुरात गुदमरेल, कारण साखरेच्या वाटेवरचं मोठं फाटक, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचं एन्झाइम, आम्लाला अत्यंत हळवं आहे. चार तुकड्यांचा हा रेणू आम्लात सुटून दोन-दोन तुकड्यांचा होतो आणि काम टाकतो. काचेच्या नळीतल्या प्रयोगांत पीएच एक-दोन दशांशांनी उतरला तरी त्याचा वेग कोसळतो. म्हणजे साखर जाळायची गती पेशीच्या आतल्या पीएचवर टांगलेली आहे.

कॅन्सरची पेशी हा प्रश्न उपसा करून सोडवते. एमसीटी१ आणि एमसीटी४ हे वाहक एका लॅक्टेटमागे एक हायड्रोजन आयन बाहेर काढतात. एनएचई१ सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकतो. ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ नावाचा प्रथिन-स्विच चालू होतो आणि पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज ९ हे एन्झाइम उभं राहतं. पेशीतून झिरपलेला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून ते बायकार्बोनेट आणि आम्ल करतं. आम्ल बाहेरच राहतं, बायकार्बोनेट दुसऱ्या वाहकांनी आत ओढलं जातं आणि आतलं आम्ल मारायला वापरलं जातं.

परिणाम असा : निरोगी पेशीच्या आत पीएच साधारण ७.२ आणि बाहेर ७.४. कॅन्सरच्या पेशीच्या आत ७.२ च्या वर, ७.४ किंवा थोडा अधिकही, आणि बाहेर ६.५ ते ६.९. आतली बाजू अल्कलीकडे झुकलेली, म्हणून फाटक उघडं, म्हणून साखरेचा ओघ चालू. बैठकीत 'अल्कलीत कॅन्सर मरतो' म्हणतात, आणि इथे पेशी स्वतःला अल्कलाइन ठेवूनच जगते.

'पण प्रयोगशाळेत मरतो ना?' तेही नाही. कॅन्सरच्या पेशी बशीत वाढवतात त्या ७.४ पीएचच्या माध्यमात, म्हणजे रक्ताइतक्याच अल्कलाइन द्रवात. नेहमीच्या एका माध्यमात लिटरमागे साडेचार ग्रॅम, म्हणजे २५ मिलीमोल ग्लुकोज असतं आणि ४४ मिलीमोल बायकार्बोनेट. सगळं ग्लुकोज लॅक्टेट झालं तर ५० मिलीमोल आम्ल, म्हणजे बायकार्बोनेट संपून वर उरेल इतकं. म्हणून दाट भरलेल्या बशीतलं लालसर माध्यम एका रात्रीत पिवळं पडतं. माध्यम बदलायला उशीर झाला की पेशी मंदावतात, कारण त्यांना अल्कली हवी होती आणि मिळालं आम्ल.

मग बाहेरचं आम्ल निरुपद्रवी आहे का? नाही, आणि खरा धागा हाच. बाहेरच्या आम्लात आजूबाजूच्या ऊतींची वीण कापणारी एन्झाइमं जोर धरतात आणि ट्यूमरवर चाल करून आलेल्या टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) ढिल्या पडतात. ट्यूमर पसरायला याची मदत होते. पण आम्ल कॅन्सरचं कारण नाही, त्याचा धूर आहे. धुरानं शेजारी बेजार होतात एवढंच. शिवाय बाहेर ६.७ च्या आसपास आम्ल साचलं की ट्यूमरचाही साखरेचा वेग उतरतो, कारण वाहकांना भरलेल्या मोरीत उपसावं लागतं. तेव्हा पेशी ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) आणि चरबीकडे वळतात, आणि ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी एमसीटी१ मधून शेजाऱ्यांचं लॅक्टेट आत घेऊन तेच जाळतात. एकाच गाठीत एक पेशी साखर खाते आणि दुसरी तिचं उष्टं. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, हेही म्हणून टिकत नाही. त्यातून खाणं सोडलं तरी यकृत रक्तातली साखर राखतंच, आणि वजन मात्र पेशंटचं उतरतं.

अल्कलीनं हे बाहेरचं आम्ल मारता येतं का, याची तपासणी झालीय. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना पिण्याच्या पाण्यातून खाण्याचा सोडा दिला, ट्यूमरबाहेरचा पीएच वाढला आणि ट्यूमरच्या पसरणाऱ्या गाठी कमी झाल्या. विक्रेते हे सांगतात, मात्रा सांगत नाहीत. ती लिटरमागे २०० मिलीमोल, म्हणजे १६.८ ग्रॅम सोडा. यंत्राच्या सर्वात चांगल्या पाण्याच्या ०.७ शी तुलना करा, जवळजवळ ३०० पट. मूळ गाठ मात्र त्यानं लहान झाली नाही. माणसांवर असे प्रयत्न सुरू झाले तेव्हा इतका सोडा रोज पिणं पेशंटना झेपलं नाही आणि ते रेंगाळले. २०१६ मध्ये अल्कलाइन पाणी-आहार आणि कॅन्सर यांवरच्या सगळ्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिचा निष्कर्ष असा की लोकांना हे सुचवायला आधार नाही.

औषधवाले याच मोऱ्यांवर, म्हणजे आम्ल उपसणाऱ्या वाहकांवर, काम करताहेत, आणि तिथेही सोपं नाही. एमसीटी१ अडवला तर एमसीटी४ असलेली पेशी त्याच्यावर भागवते. एनएचई१ अडवणारं कॅरिपोराइड हृदयाच्या शस्त्रक्रियेत तपासलं, तिथे मेंदूच्या झटक्यानं होणारे मृत्यू वाढले म्हणून थांबलं, कारण हे वाहक निरोगी पेशींतही असतात. मोठमोठ्या प्रयोगशाळांना नेमक्या रेणूनं जे जमत नाही, ते ग्लासभर पाण्यानं होईल अशी आशा विकत घेताना इतका विचार तरी व्हावा.

यंत्रानं विशेष काही बिघडत नाही, पण त्याच्या मागून येणारा सल्ला धोक्याचा : 'रोज एक-एक चमचा सोडा घ्या, फरक लवकर पडतो.' एक चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. त्यात सोडियम १.३७ ग्रॅम. दिवसभरात २ ग्रॅमच्या आत सोडियम ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्याचा दोन-तृतीयांश एका चमच्यात गेला. बीपी, हृदय किंवा पायावर सूज असलेल्यांना हे भारी पडतं. सोड्यानं पोटॅशियम उतरतं, सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर मूत्रपिंडातून पोटॅशियम-मॅग्नेशियम आधीच गळत असतं. एर्लोटिनिब, डासाटिनिब, पाझोपानिब यांसारख्या कॅन्सरच्या गोळ्या पोटात आम्ल असेल तरच नीट विरघळतात, म्हणून आम्ल मारणारी कोणतीही गोष्ट आधी डॉक्टरला विचारायची. मेथोट्रेक्झेट या कॅन्सरच्या औषधाचा मोठा डोस देताना दवाखान्यात मुद्दाम बायकार्बोनेट देतात, हे खरंय, पण ते औषध मूत्रपिंडात खडा होऊन बसू नये म्हणून, लघवीचा पीएच सारखा तपासत. 'दवाखान्यातही सोडाच देतात' असं कुणी म्हटलं तर फरक हा.

तरीही यंत्र घ्यायचंच असेल, चवीसाठी किंवा कार्बनच्या गाळणीसाठी, तर हे करा. विक्रेत्याला आजार बरा होण्याचा दावा लेखी मागा. कुणी देत नाही. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी यायचं नाही, आणि परत करायची मुदत तुमच्या कागदावर असली पाहिजे. बिल पक्कं घ्या, हप्ते बांधण्याआधी. गाळणीची किंमत आणि किती लिटरला बदलायची तो आकडा विचारा, पाच वर्षांचा खर्च तिथे लपलेला असतो. 'कॅन्सर बरा होतो' अशी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा. कॅन्सरसाठी औषध किंवा जादुई उपायाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि त्याच्या यादीत कॅन्सरचं नाव आहे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज करता येतो, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही.

यंत्र आधीच घरात असेल तर त्याला शक्यतो नळाचं पाणी द्या, आरओचं नको. पीएचची कळ साडेआठच्या खाली ठेवा. औषधाच्या गोळ्या साध्या पाण्यानंच घ्या. पत्रे तपासायचा वार ठरवा, जड पाण्याच्या वस्तीत आठवड्याला आणि नळाच्या पाण्यावर महिन्याला, आणि लिंबूसत्वाचा डबा त्याच कपाटात ठेवा.